काळी टेप, लाल टॅग

माझ्या साडूच्या घरात आजवर एकही वस्तू मेलेली नव्हती. माणसं गेली, एक दुभती म्हैस गेली, अंगणातलं सीताफळाचं झाडही एका उन्हाळ्यात वाळून गेलं. पण पंखा, प्रेस, मिक्सर, रेडिओ आणि टॉर्च यांच्यापैकी कोणालाही त्या घरात मरण्याची परवानगी नव्हती. मरायला टेकलेली वस्तू साडूभाऊंच्या हाती लागली की ती उठून बसायची आणि पुढची कित्येक वर्षं जराशी लंगडत, जराशी कण्हत, पण चालत राहायची. त्यांच्या मधल्या खोलीतला पंखा बटन दाबल्यावर लगेच फिरत नाही. आधी विचार करतो. इतका विचार करतो की नवीन पाहुणा उठून दुसरं बटन दाबायला जातो, आणि नेमका तेव्हा पंखा "बरं, ठीक आहे" अशा चेहऱ्यानं फिरू लागतो. प्रेसचं मूळचं हँडल कधीच तुटलं. आता तिथं सागवानी मूठ आहे, आणि ती इतकी दणकट आहे की इस्त्री करणाऱ्याला आपण शर्टावर रंधा मारत आहोत असं वाटतं. मिक्सर चालू असताना त्याच्यावर एक जण हात ठेवून उभा राहिला नाही तर तो ओट्यावरून चालत चालत गॅसपर्यंत जातो. पण मेला मात्र नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे, ताईचे, यजमान. आम्ही त्यांना भाऊजी म्हणतो. राहायला कारध्याला, नोकरी वरठीच्या स्टील कारखान्यात, विजेच्या देखभालीच्या खात्यात. रोज मोटरसायकलनं वैनगंगेचा पूल ओलांडून भंडाऱ्यावरून वरठीला जायचं आणि पाळी संपली की त्याच वाटेनं परत यायचं. आमच्या भागात माणसाच्या वरच्या खिशात हात घातला तर खर्र्याची, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूची, पुडी हाती लागते. भाऊजींच्या खिशात काळ्या टेपची गुंडाळी असते. कोणी खर्रा पुढं केला तर ते हसून नाही म्हणतात आणि आपल्या खिशातली गुंडाळी चाचपून पाहतात, जणू व्यसनी माणसानं आपली पुडी जागेवर असल्याची खात्री करून घ्यावी. टेप कशी गुंडाळावी यावर त्यांचं एक व्याख्यान आहे. "डावीकडून उजवीकडे. टेप थोडी ताणून. अन् प्रत्येक येढा मागच्यावर अर्धा बसला पाहिजे. अर्ध्यावर अर्धा! समजलं का?" हे व्याख्यान मी लग्नात ऐकलं आहे, बारशात ऐकलं आहे, आणि एकदा एका मयतीहून परतताना, जेव्हा बाकी सगळे अनित्यतेबद्दल बोलत होते. दिघोरीला नात्यातल्या एका लग्नात नवरदेवाच्या नव्या कोऱ्या बुटाचा तळ ऐन वेळी उघडला. मंडपात धावपळ. भाऊजी शांतपणे पुढं झाले, खाली बसले आणि अर्ध्यावर अर्धा येढा देत त्यांनी बूट असा बांधला की नवरदेव स्टेजवर एका पायानं नवरा आणि एका पायानं लाईनमन दिसत होता. फोटोत तो बूट आजही दिसतो. संसारही टिकला आहे; भाऊजी त्याचं श्रेय कोणाला देतात हे मी सांगायला नको.

पण टेप ही त्यांची अर्धीच ओळख झाली. उरलेली अर्धी म्हणजे लाल टॅग. कारखान्यात एखाद्या मशिनीवर काम करायचं असलं की आधी तिची लाईन बंद करतात आणि बटनावर एक लाल टॅग अडकवतात. त्यावर लिहिलेलं असतं की काम चालू आहे, हात लावू नका. आणि खाली काम करणाऱ्याचं नाव. नियम असा की ज्याचा टॅग, त्यानंच काढायचा. साहेब आला तरी तो काढू शकत नाही. आत कोणाचा तरी हात मशिनीत असू शकतो, बाहेर कोणी बटन दाबलं की संपलं. नियम अगदी शहाणपणाचा आहे. भाऊजींनी तो घरी आणला, तिथं गंमत सुरू झाली. घरचे टॅग ते जुन्या लग्नपत्रिका कापून करतात, कारण त्यांच्या मते एवढा जाड कागद दुसरीकडे कुठं फुकट मिळत नाही. मागच्या कोऱ्या बाजूला लाल स्केचपेननं मजकूर. पुढच्या बाजूला कोणाच्या तरी लग्नाचा उरलासुरला तुकडा. एका मे महिन्यात त्यांनी कूलरची मोटर खोलली, बटनाला टॅग लावला, मोटर जोडली, आणि टॅग काढायचं विसरून मोटरसायकलला किक मारून दिघोरीच्या शेतावर धानाच्या कामाला निघून गेले. घरात उकाडा असा की भिंतीला हात लावला तरी चटका. कूलर दुरुस्त, पाणी भरलेलं, फक्त बटन दाबायचं बाकी. पण टॅगवर भाऊजींचं नाव. ताईनं फोन केला, "काढू का वो?" पलीकडून उत्तर आलं, "हात लावू नको. माहा टॅग हाय. मी येऊन काढतो." आणि खरोखर माणूस एवढ्या उन्हात परत आला, टॅग काढला, बटन दाबलं, एक ग्लास पाणी प्यायला आणि पुन्हा दिघोरीला गेला. तोवर ताई, त्यांची पोरगी आणि त्या दिवशी दुर्दैवानं पाहुणा म्हणून गेलेला मी, असे तिघं त्या कूलरसमोर घाम पुसत बसलो होतो. टॅगच्या उलट्या बाजूला छापलेलं होतं, 'कृपया आहेर आणू नये.'

ह्या घरात लॅपटॉप आला तो पोरीमुळं. स्नेहल, भाऊजींची एकुलती एक. शिकली, पुण्याच्या कंपनीत लागली, आणि कंपनीनं सांगितलं की तूर्तास घरूनच काम करा. मग काय, कारध्याच्या घरात पुण्याचं ऑफिस भरू लागलं. सुरुवातीला ताई मिक्सरसाठी तिचा प्लग खुशाल उपटून टाकायची आणि तिकडं मीटिंगमधली स्नेहल अर्ध्या वाक्यात अंधारात जायची, कारण त्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी नावालाच होती. भाऊजींनी त्याच दिवशी एक टॅग कापला, लिहिलं, 'काम चालू आहे. बटन बंद करू नये. - स्नेहल' आणि मधल्या खोलीतल्या बोर्डाला अडकवला. कारखान्यातला टॅग चालू करू नका म्हणतो, हा बंद करू नका म्हणत होता. पण नियम तोच. ज्याचा टॅग, त्यानंच काढायचा. ताईचा मिक्सर त्या दिवसापासून स्वयंपाकघराच्या बाहेर आला नाही.

लॅपटॉपची वायर काय, चार्जरच्या डब्यातून निघते तिथं आणि पिनीजवळ, मानेतच तुटते. स्नेहलचीही तुटली. वायर हलवली की चार्जिंग येई, सोडली की जाई. ती म्हणाली, "बाबा, नवीन मागवते." भाऊजींनी तिच्याकडं असं पाहिलं की जणू आजी आजारी पडली म्हणून ही नवीन आजी मागवते आहे. मी तिथंच होतो. मीही म्हणालो, "भाऊजी, घेऊन टाका ना वो नवा."

"काहून? हा मेला का?"

"मेला नाही, पण..."

"मंग? जित्याले माती देते का गा तू?"

आणि ते कामाला बसले. त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. आधी प्लग भिंतीतून काढायचा. तो खाली ठेवायचा नाही, गळ्यात घालायचा. प्लग माझ्या गळ्यात आहे म्हणजे तो भिंतीत नाही, हे त्यांचं तर्कशास्त्र, आणि त्यात खोट काढायची कोणाची हिंमत नाही. मग गळ्यात प्लग घातलेले भाऊजी एखाद्या डॉक्टरसारखे वायरीवर वाकतात, दुखरी जागा बोटांनी शोधतात, तेवढा भाग कापून टाकतात, आतली तार आतल्याला आणि बाहेरची बाहेरच्याला नीट सोल्डर करतात, दोघींमध्ये वेगळी टेप, वरून आणखी टेप. काम चोख असायचं, यात वाद नाही. अडचण एकच होती. प्रत्येक वेळी वायर थोडी आखूड व्हायची. आणि वायर तर तुटतच राहिली. कधी इथं, कधी तिथं. आधी स्नेहल वायर दारातून आत ओढून आपल्या खोलीत पलंगावर बसून काम करायची. मग खोलीच्या दारात आली. मग मधल्या खोलीत टेबलाशी. शेवटी बोर्डाच्या अगदी खाली, जिथं भाऊजींची खुर्ची असते तिथं, जमिनीवर चटई टाकून. पाळी संपवून आलेले भाऊजी खुर्चीत पेपर वाचत आणि त्यांच्या पायाशी पोरगी पुण्याशी इंग्रजीत बोलत असे. तिच्या कंपनीतल्या लोकांना भाऊजींचा डावा गुडघा इतका ओळखीचा झाला होता की एकदा तो दिसला नाही तर साहेबानं विचारलं म्हणे, आज वडील बरे आहेत ना? ताईचं म्हणणं असं की वायर चार बोटं खराब झाली तर हे आठ बोटं कापतात. मी एकदा सरळ विचारलं. भाऊजी पेपरातून वर न पाहता म्हणाले, "तांबं काळं पडलं होतं." पुढं मी विचारलं नाही.

मग एप्रिलात कंपनीनं कळवलं की आता सगळ्यांनी पुण्याला या. त्याच आठवड्यात मला ताईचा फोन आला. आवाज असा दबका की मला वाटलं घरात चोर शिरला आहे.

"जय भीम भाऊ. बाजूले कोणी नाही ना?"

"जय भीम. नाही. काय झालं ताई?"

"पोरगी त्या चार्जरखाली टाईल ठेवून राहिली."

"टाईल?"

"बाथरूमची उरली होती ना, ती. चार्जर असा तापते का पापड भाजून घ्यावा. चटई काळी पडली होती, म्हणून टाईल."

"अवो, मग भाऊजीले सांगा ना!"

"मी? मी सांगतलं तं म्हणतीन, माह्या हातच्या कामाले बायकोच नावं ठेवते. पोरगी सांगत नाही. म्हणते बाबाले वाईट वाटन. इथं तं आमी दोघी लक्ष ठेवतो. आता ती पुण्याले जाऊन राहिली, खोलीवर एकटी. चार्जर लावला अन् डोळा लागला तं? तुमी काही करा बाप्पा. तुमी नाटकातले माणूस."

तुम्हीच विचार करा. ज्या माणसानं घरभर सावधगिरीचे टॅग लावले, त्याच्याच घरात दोन बायका एका तापलेल्या चार्जरवर पाळीपाळीनं पहारा देत होत्या, आणि कशासाठी? तर त्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून. असला मूर्खपणा फक्त प्रेमळ माणसांनाच जमतो. आणि त्यात ताईनं माझ्या कलेला हात घातला. मी तरुणपणी झाडीपट्टीच्या नाटकांतून खलनायक रंगवले आहेत. कारस्थान म्हटलं की माझे कान अजून टवकारतात. सरळ जाऊन सांगावं, एवढी साधी गोष्ट मला सुचलीच नाही. मला सुचली ती योजना अशी: बाजारातून एक नवा चार्जर आणायचा, त्याला जागोजाग काळी टेप गुंडाळायची म्हणजे तो जुन्यासारखा दिसेल, आणि भाऊजी पाळीवर असताना गुपचूप अदलाबदल करायची. भाऊजींचा मान राहील, पोरगी सुखरूप राहील, आणि मी पडद्यामागून नमस्कार करीन.

स्नेहलला कटात घेतलं आणि भाऊजी पाळीवर असताना तिचा लॅपटॉप नेऊन दुकानात पिनीची जागा दाखवली. दुकानदारानं एक चार्जर काढला, पिन बसली, मी आनंदानं घरी आलो. सायंकाळभर टेप गुंडाळली. बायको बाजूला उभी राहून म्हणत होती, "तुमच्यानं पुस्तकाले कव्हर लागत नाही, अन् हे करून राहिले." मी लक्ष दिलं नाही. वायरही मधेच दुमडून, आत दडवून, आखूड केली. शनिवारी स्नेहलनं अदलाबदल केली. रविवारी सकाळी मी माझ्या प्रयोगाचं यश पाहायला कारध्याला हजर. ताईनं पोहे दिले, वरून तर्री. स्नेहल चटईवर काहीतरी टाईप करत होती. भाऊजी खुर्चीत पेपर घेऊन बसले होते. आणि मग पेपर हळूच खाली आला.

ते उठले, चष्मा आणला, वाकले.

"स्नेहल, हे टेपिंग कोणी केलं?"

"तुमीच तं केलं बाबा."

"मी?"

हा 'मी' त्यांनी असा उच्चारला, जणू एखाद्या गवयावर दुसऱ्याच्या बेसुरेपणाचा आळ घ्यावा. "मी हे केलं? अर्ध्यावर अर्धा कुठं हाय याच्यात? हे तं कोणी उसाले पाचट गुंडाळून ठेवलं." मग त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. माझ्या हातात पोह्यांची बशी होती आणि बशीच्या काठावर माझी बोटं. त्या बोटांना टेपचा काळा चिकट अजून लागलेला होता.

"का गा कलाकार," भाऊजी म्हणाले, "बोटाले काय लागलं?"

मी आयुष्यात बरेच प्रवेश पडलेले पाहिले आहेत, पण इतक्या लवकर नाही. भाऊजींनी प्लग काढला, गळ्यात घातला, आणि माझी टेप एका झटक्यात सोलून काढली. डबा तळहातावर तोलून पाहिला, बाजारात कोहळं तोलतात तसा. "हल्का हाय. आत हवा भरली का?" मग डब्यावरचा बारीक मजकूर वाचला आणि लॅपटॉपच्या पोटावरचा. "व्होल्ट जुळत नाही. अँपिअर बी कमी. कायच्या भरवशावर घेतला?"

"पिन बसली," मी म्हणालो.

"पायात बसली म्हणून विहाराबाहेरची कोणाची बी चप्पल घालतो का तू? व्होल्ट बरोब्बर तोच पाहिजे. अँपिअर तेवढाच, नाही तं जास्त. कमी असला तं गोऱ्ह्याले भरली बैलबंडी जुंपल्यासारखं होते. ओढते बिचारा, अन् मरते." इथवर ते रंगात होते. मग एकदम थांबले. "पण हा आणला कायले? माहा कुठं हाय?"

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तर्रीकडं पाहत होतो. शेवटी स्नेहलच म्हणाली, "बाबा, तो तापते."

"कवापासून?"

"थंडीपासून."

"अन् मले काहून नाही सांगतलं?"

"तुमाले वाईट वाटलं असतं."

भाऊजींनी हात पुढं केला. ताईनं कपाटातून, लुगड्यांच्या घडीखालून, जुना चार्जर काढून दिला. मागून स्नेहलनं टाईलही आणून ठेवली. पांढऱ्या टाईलवर मधोमध चार्जरच्या आकाराचा तपकिरी डाग होता. तो डाग भाऊजींनी बराच वेळ पाहिला. मग त्यांनी जुना चार्जर लावला आणि डब्यावर हाताची पाठ ठेवली. तळहात ते कधी ठेवत नाहीत. करंट लागला तर तळहात आवळतो, पाठ मागं येते. आम्ही सगळे त्या हाताकडं पाहत होतो. थोड्याच वेळात त्यांनी नाक जवळ नेलं, हुंगलं, बटन बंद केलं, प्लग काढून गळ्यात घातला, आणि टेप सोलायला सुरुवात केली. किती दुरुस्त्या होत्या त्या! वायरीच्या जोडावरची टेप, मग मानेवरची, मग डब्याच्या तोंडावरची, जिथं वायर हलू नये म्हणून प्रत्येक वेळी त्यांनी येढे वाढवत नेले होते. अर्ध्यावर अर्धा, अर्ध्यावर अर्धा. जमिनीवर काळ्या सालींचा ढीग पडला. शेवटचा थर निघाला तेव्हा खालचं प्लास्टिक दिसलं. ते करपून तपकिरी झालं होतं आणि एका अंगाला फुगलं होतं.

"माह्याच टेपखाली," भाऊजी म्हणाले. एवढंच.

मग कारखान्यात नव्या माणसाला सांगावं तसं, पण कोणाकडंच न पाहता ते बोलले. "वायर तुटली तं जोडता येते. ते माह्या हातचं काम हाय. डबा करपला, फुगला, वास आला, तं त्याले जोडायचा नाही. खोलायचा बी नाही. बटन बंद केल्यावर बी आत करंट धरून बसते." त्यांनी तो डबा उलटासुलटा करून पाहिला आणि टाईलवर ठेवला. "हा मेला."

मी सांगतो, बशी खाली ठेवून मी उभा राहणार होतो. त्या घरातला तो पहिला मृत्यू होता.

भाऊजींनी पक्कड मागवली आणि चार्जरची वायर डब्याजवळून तोडली. "मेलेल्याची वायर तोडून ठेवावं. नाही तं कोणी कचऱ्यातून उचलते अन् लावून पाहते." मग तीच पक्कड त्यांनी माझ्या नव्या चार्जरलाही लावली, आणि मी डोळ्यांदेखत दुसरी मयत पाहिली. ताई हसली. स्नेहलही हसली, पण तिचे डोळे भरले होते. "बाबा, मी लक्ष ठेवून होती ना," ती म्हणाली.

"लक्ष ठेवलं, पण सांगतलं नाही," भाऊजी म्हणाले. "टेपचं काय वं, टेप सोलून फेकता येते. तिकडं पुण्यात काही झालं असतं तं तुही खोली बंद असती आतून." आणि ते उठून अंगणात गेले. पाण्याचा नळ बराच वेळ वाहत राहिल्याचा आवाज आला.

दुपारी भाऊजी, स्नेहल आणि मी असे तिघं भंडाऱ्याच्या बाजारात निघालो. स्नेहलच्या पिशवीत लॅपटॉप, भाऊजींच्या खिशात मेलेल्या चार्जरचा डबा, ओळख पटवायला. पहिल्या दुकानात त्यांनी तीन चार्जर तोलून परत केले. दुकानदार म्हणाला, "काका, घ्या ना, सगळे हेच नेतात." भाऊजी म्हणाले, "सगळे नेतात, पण मांगं येऊन कोण कोण सांगतात?" दुसऱ्या दुकानात लॅपटॉपच्या कंपनीचाच मिळाला. भाऊजींनी आकडे जुळवले, पिन जुळवली, पावती आणि गॅरंटी मागून घेतली, दुकानातच लावून अर्धा तास हाताची पाठ ठेवून बसले. गिऱ्हाइकं त्यांना वळसा घालून जात होती. शेवटी त्यांनी मान हलवली. घरी आल्यावर सवयीनं त्यांचा हात खिशात गेला, टेपची गुंडाळी बाहेर आली आणि नव्या वायरीच्या मानेशी थांबली. स्नेहल हळूच म्हणाली, "बाबा, नवीन हाय." त्यांनी गुंडाळी परत खिशात टाकली. मग तिला वायर गुंडाळायला शिकवलं. डब्याभोवती आवळून नाही; सैल, मोठे येढे, गाईच्या दाव्यासारखे. चादरीवर ठेवायचा नाही, उशीखाली तर मुळीच नाही, आणि झोपताना काढून ठेवायचा. आणि तापला तर?

"तं सांगायचं," स्नेहल म्हणाली.

"कोणाले?"

"तुमाले."

नव्या चार्जरची वायर चांगली लांब होती. पुण्याला जाण्याआधीचे शेवटचे चार दिवस स्नेहल आपल्या खोलीत पलंगावर बसून काम करू शकली असती. वायर दारातून आत आरामात पोचत होती. ती बसली चटईवरच, खुर्चीजवळ. उरलेली वायर बाजूला पडून असायची. भाऊजी पेपर वाचत असत आणि डावा गुडघा पुण्याला दिसत असे.

वरठीच्या स्टेशनवर आम्ही सगळे गेलो होतो. गाडी हलायच्या आधी भाऊजींनी खिडकीतून हात घालून तिच्या हातात काहीतरी ठेवलं. काळ्या टेपची नवी गुंडाळी. "चार्जरले नाही," ते म्हणाले. "बाकी कशाले बी."

त्यानंतर मी कारध्याला गेलो तो धान कापणीच्या दिवसांत. घर तसंच होतं. पंखा तसाच विचार करून फिरत होता. माझ्या मोबाईलचा जीव जायला आला होता, म्हणून मी चार्जर घेऊन खुर्चीमागच्या बोर्डाकडं गेलो.

"तिथं नाही," भाऊजी पेपरामागून म्हणाले. "स्वयंपाकघरात लाव."

"काहून? हे रिकामं तं हाय."

"टॅग दिसत नाही का?"

बोर्डाला लाल अक्षरांचा टॅग होता. 'काम चालू आहे. बटन बंद करू नये. - स्नेहल.' बटन चालू होतं. त्यात काहीच लावलेलं नव्हतं. खाली चटईही अंथरलेली होती.

"अवो भाऊजी, ती तं पुण्याले गेली ना!"

"मंग? माहा टॅग नाही तो." त्यांनी पेपराचं पान उलटलं. "ती येईन तवा काढन."

मी स्वयंपाकघरात जाऊन मोबाईल लावला आणि परत येऊन बसलो. पंख्याचा वारा बोर्डापर्यंत पोचला तसा टॅग दोऱ्यावर हळूच फिरला आणि त्याची छापील बाजू वर आली. कोणाच्या तरी जुन्या लग्नपत्रिकेतली शेवटची ओळ होती ती, अर्धी कापलेली: 'अगत्य येण्याचे करावे.'

भाऊजींनी हात लांब करून टॅग पुन्हा सरळ केला.